दुखणं थांबवणारी गोळी श्वास का अडवते?

ज्या रसायनांमुळे आपल्याला ठणका जाणवतो, त्यांच्याच घराण्यातलं एक रसायन काही जणांचा श्वास मोकळा राखत असतं. दुखण्यावरची साधी गोळी या दोन्ही रसायनांना एकदम थांबवते.

ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आलं. १९२२ मध्ये फ्रान्समध्ये फेर्नाँ विदाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण त्रिकूट नोंदवलं: दमा, नाकात वाढलेलं मांस आणि ॲस्पिरिन न सोसणं, तिन्ही एकाच माणसात. गोळी घेतली की तास-दोन तासांत नाक वाहतं, छाती आवळते, दम लागतो.

ही ॲलर्जीच वाटते ना? पण आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांची घडण ॲस्पिरिनहून निराळी, तरी त्यांनीही तेच होतं. म्हणजे खोट औषधाच्या रूपात नाही, त्याच्या कामात आहे. हे काम जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडलं. १९७५ मध्ये पोलंडच्या आंद्जेय श्चेक्लिक आणि सहकाऱ्यांनी त्याचा दम्याच्या झटक्याशी धागा जुळवला.

या गोळ्या जिथे काम करतात, तिथे कच्चा माल एकच: पेशींच्या आवरणातून सुटणारं ॲरॅकिडोनिक आम्ल. त्याला दोन पाट फुटतात. एका पाटावर सायक्लोऑक्सिजनेज या विकराच्या मदतीने प्रोस्टाग्लँडिनं बनतात. ताप, सूज, ठणका त्यांच्यामुळे. दुसऱ्यावर ल्युकोट्राईनं बनतात. ती श्वासनलिका आवळतात, त्यांचं अस्तर सुजवतात. आणि या ल्युकोट्राईनांना लगाम घालतं कोण? ई-२ नावाचं एक प्रोस्टाग्लँडिन! या रुग्णांच्या श्वासमार्गात ल्युकोट्राईनं आधीच उतू जात असतात, सगळी भिस्त त्या लगामावर. गोळी पहिला पाट अडवते, आणि ठणक्याबरोबर लगामही जातो.

याहून थक्क करणारी गोष्ट उपचारात आहे. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अगदी थोड्या ॲस्पिरिनपासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवली, तर तेच शरीर ते सोसू लागतं. मग रोजचं ॲस्पिरिन नाकातलं मांस पुन्हा वाढण्याला आळा घालतं. काही दिवस खंड पडला, तर मात्र ही सवय मोडते. हा प्रयोग घरी कधीही करू नये.

दमा असलेल्या प्रौढांपैकी साधारण ७ टक्क्यांना हा त्रास असतो. बाकीच्यांना या गोळ्या सहसा चालतात. ज्यांना तो आहे, त्यांना नेहमीच्या मात्रेतलं पॅरासिटामॉल बहुधा सोसतं. पण आपल्याकडे पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन एकाच गोळीत सर्रास मिळतात, म्हणून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचायलाच हवीत. दमा आहे, वास येईनासा झालाय, नाक सतत चोंदतं, तर मेडिकलमध्ये अंगदुखीची गोळी मागण्याआधी हे डॉक्टरांच्या कानावर घाला. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर तेही त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि गोळीनंतर दम लागलाच, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.