जाळीचे डिझाईन : हाताने लिहावे की सॉफ्टवेअरमधून काढावे?

लाकूड, एमडीएफ, अ‍ॅक्रिलिक किंवा पत्र्याची जाळी कापून देण्याचा धंदा आज आपले अनेक कारागीर बंधू करीत आहेत. करवत आणि छिन्नीचे बरेचसे काम आता लेझर व सीएनसी मशीन करते. परंतु मशीन आले म्हणजे कसब आले असे नव्हे. मशीनला डिझाईनची फाईल लागते. ती फाईल आपल्याला उघडता-बदलता येत नसेल, तर गिऱ्हाईकाने "नक्षी जरा मोठी करा" म्हणताच डिझायनरचे दार पुन्हा ठोठवावे लागते. पैसेही जातात आणि दिवसही. म्हणून या फाईलचे मर्म समजून घेणे प्रत्येक कारखानदाराच्या हिताचे आहे.

अशा फाईलचा एक सर्वत्र चालणारा प्रकार म्हणजे एसव्हीजी. इंटरनेटच्या तंत्राचे नियम ठरविणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २००१ मध्ये त्याला मान्यता दिली. फोटोच्या फाईलीत रंगीत ठिपके असतात, त्यामुळे फोटो फार मोठा केला की फुटतो. एसव्हीजीमध्ये रेघ कोठून निघते व कोठे जाते याचा हिशेब साध्या मजकुरात लिहिलेला असतो. म्हणून नक्षी कितीही मोठी केली तरी रेघ स्वच्छ राहते. शिवाय ही फाईल नोटपॅडमध्येही उघडते. वाचता येते आणि लिहिताही येते.

लिहिणे केव्हा सोयीचे?

जाळीत नेहमी लागणारा आठ टोकांचा तारा घ्या. एक चौकोन आणि त्याच मध्यबिंदूवर ४५ अंशांनी फिरवलेला तसाच दुसरा चौकोन, एवढेच त्याचे गणित. हाताने लिहिल्यास दोन ओळींत काम होते. चौकोनाचा आकडा बदलला की तारा बदलतो. हाच तारा सॉफ्टवेअरमध्ये एकजीव करून काढला, तर फाईलीत सोळा बिंदूंची यादी येते आणि बहुतेक आकड्यांपुढे दशांशाचे शेपूट असते. त्यात माप शोधून बदलणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होय. तात्पर्य, ज्या नक्षीचे माप सांगता येते आणि जी पुन्हा पुन्हा येते, ती लिहावी.

काढणे केव्हा बरे?

अहमदाबादची सिदी सय्यद मशीद १५७३ च्या सुमारास बांधली गेली. तिच्या एका प्रसिद्ध जाळीत झाडाच्या फांद्या एकमेकींत गुंफल्या आहेत, तर त्याच मशिदीच्या इतर काही खिडक्यांत भौमितिक जाळ्या आहेत. भौमितिक जाळी आकड्यांनी लिहिता येईल. झाड मात्र हातानेच रेखाटावे लागेल. फांदीच्या प्रत्येक वळणासाठी सुरुवात, शेवट आणि वळण ठरविणारे आणखी दोन बिंदू लागतात. ते अंदाजाने लिहिणे व्यवहार्य नाही. वेलबुट्टी, पाने-फुले आणि सुलेखन यांसाठी कोरल ड्रॉ, इलस्ट्रेटर किंवा मोफत मिळणारे इंकस्केप वापरून फाईल काढावी.

नुकसान कोठे होते?

पहिला धोका मापाचा. इलस्ट्रेटर एका इंचाचे ७२ भाग धरतो, इंकस्केप ९६. (२०१७ पूर्वीच्या इंकस्केपमध्ये ९० होते.) त्यामुळे इलस्ट्रेटरमधून एकक न लिहिता काढलेली १२ इंची जाळी इंकस्केपमध्ये ९ इंची होऊन उघडते. पत्रा कापल्यावर हे कळून उपयोग नाही. फाईलीत रुंदी व उंची मिलिमीटरमध्ये लिहिलेली आहे की नाही, ते आधी पाहावे.

दुसरा धोका अक्षरांचा. मराठी किंवा उर्दू मजकुराचा फाँट दुसऱ्या कॉम्प्युटरवर नसेल, तर अक्षरे बदलतात किंवा तुटतात. मजकुराचे रेघांत रूपांतर करूनच फाईल द्यावी. मात्र रूपांतरानंतर मजकूर सुधारता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी.

तिसरा धोका जादा रेघांचा. शेजारच्या दोन चौकटींची कड एकच असेल आणि ती दोनदा लिहिली गेली असेल, तर लेझर ती दोनदा कापतो. कड जळते व वेळ वाया जातो. आपण लिहिलेल्या ताऱ्यातही चौकोनांच्या रेघा आतून एकमेकींना छेदतात. केवळ बाहेरची कड कापायची असल्यास दोन्ही चौकोन इंकस्केपमध्ये एकजीव करून घ्यावेत. तसेच "हाच तारा पुन्हा ठेव" ही आज्ञा कित्येक मशीनच्या सॉफ्टवेअरला समजत नाही. म्हणून मशीनकडे नेताना प्रत्येक तारा सुट्या रेघांत उतरवावा.

थोडक्यात, हे दोन मार्ग एकमेकांचे वैरी नाहीत. भौमितिक भाग लिहावा, वेलबुट्टी रेखाटावी आणि महागड्या मालाला हात लावण्यापूर्वी पुठ्ठ्यावर एक नमुना कापून फुटपट्टीने मोजावा. डिझायनरला पैसे देताना कापायच्या फाईलीबरोबर बदल करता येईल अशी मूळ फाईलही मागून घ्यावी. घरातील मुलगा-मुलगी कॉम्प्युटर शिकत असेल, तर त्यांना आठ टोकांचा तारा लिहावयास सांगा. पुढच्या गिऱ्हाईकाचा बदल कदाचित घरच्या घरीच होईल.