पाण्याखालचा श्वास

नागपूर समुद्रापासून फार दूर आहे. तरीही तेथील हौशी मंडळी मालवणास जातात आणि सिंधुदुर्गाच्या बेटाजवळ प्रवाळ व रंगीबेरंगी मासे पाहण्यासाठी समुद्रात बुडी घेतात. हा जलभाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला.

पाणबुड्याच्या पाठीवर हवा दाबून भरलेली टाकी असते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे घेतलेला श्वास रोखून कोणी वर आल्यास ती हवा फुगत जाऊन फुप्फुसे फाटण्याचे भय असते. म्हणून श्वास चालू ठेवून सावकाश वर यावे लागते.

पाण्याखाली एकट्याने उतरू नये. एकाची हवा संपली, तर सोबती आपल्या टाकीतील हवा त्यास देऊ शकतो. यासाठीच सोबत्यापासून दूर न जाणे हा पाणबुड्याचा महत्त्वाचा नियम होय.