मोबाईलवरील ‘कुकी’ आणि शेतकऱ्याची संमती



ऑक्टोबर छाटणीनंतर तासगाव, मिरज भागात सलग दोन दिवस पाऊस झाला, की द्राक्ष बागायतदाराची झोप उडते. डाऊनीसाठी कोणते बुरशीनाशक घ्यावे, हे तो रात्री मोबाईलवर शोधतो. दुसऱ्या दिवसापासून बातम्या वाचताना किंवा क्रिकेटचा धावफलक पाहताना त्याला बुरशीनाशके, टॉनिके आणि कर्ज यांच्याच जाहिराती दिसू लागतात. आपण तर कोणालाच काही बोललो नव्हतो, मग हे यांना कसे कळले, असा प्रश्न त्याला पडतो. याचे उत्तर ‘कुकी’ या लहानशा नोंदीत आहे.

कुकी म्हणजे काय?

देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपणास क्रमांकाचा बिल्ला मिळतो. तो दाखवला की रखवालदार आपल्याच चपला काढून देतो. कुकी हा असाच बिल्ला होय. आपण एखादे संकेतस्थळ उघडले, की ते आपल्या ब्राउझरमध्ये काही अक्षरे व अंकांची नोंद ठेवते आणि पुढच्या वेळी त्यावरून आपणास ओळखते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ही पद्धत तयार केली. ग्राहकाने निवडलेला माल संकेतस्थळाच्या लक्षात राहावा, एवढाच तिचा हेतू होता. कुकी हा विषाणू नव्हे आणि ती ओटीपीही चोरत नाही.

अडचण कोठे येते?

अडचण येते ती तिसऱ्याच्या कुकीमुळे. समजा, तासगावचे औषध दुकान, कराडचे मोटारपंपाचे दुकान आणि मिरजेचा दवाखाना या तिन्ही ठिकाणी एकाच जाहिरात कंपनीचा माणूस बसला आहे. आपला बिल्ला पाहून तो प्रत्येक ठिकाणी नोंद करतो. आपले नाव त्याला ठाऊक नसेलही, पण बाग कोणती, रोग कोणता, पैशाची नड आहे की नाही, हे त्याच्या वहीत जमा होते. पुढे एखाद्या जाहिरातीतील अर्जात आपण मोबाईल क्रमांक भरला, तर त्या वहीला आपले नाव जोडले जाऊ शकते.

यात शेतकऱ्याचे नुकसान आहे. पीक संकटात असते त्याच दिवशी विक्रेता समोर येतो. घाईत, लेबल क्लेम नसलेले औषध फवारले गेले, तर खर्च वाया जातोच, शिवाय उर्वरित अंशामुळे निर्यातीचा माल नाकारला जाऊ शकतो.

संमती खरी केव्हा?

पान उघडताच ‘सर्व स्वीकारा’ अशी पट्टी येते आणि आपण न वाचता बटण दाबतो. कित्येक संकेतस्थळे तर पट्टीही दाखवत नाहीत. काही ठिकाणी स्वीकारायला एक बटण, पण नाकारायला तीन-चार पायऱ्या असतात. याच कारणावरून फ्रान्सच्या नियामक संस्थेने जानेवारी २०२२ मध्ये गुगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्यात कुकी हा शब्द नाही, परंतु ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती माहिती त्याच्या कक्षेत येते. त्यातील मुख्य बाबी अशा :

१. संमती मोकळेपणाने, ठराविक कामापुरती आणि समजून दिलेली असावी.

२. सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे.

३. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे.

४. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती दाखवण्यास मनाई आहे.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी त्यात १८ महिन्यांची मुदत, म्हणजे मे २०२७, ठरवली आहे. अनुदान व सवलती देण्यासाठी मात्र शासनाला काही बाबतीत संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा आहे.

शेतकरी ओळख क्रमांक जपा

राज्यात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक करण्यात आला. त्यात आधार आणि जमिनीची नोंद जोडलेली असते. कुकीच्या वहीपेक्षा ही माहिती कितीतरी मोलाची आहे. म्हणून हा क्रमांक, सातबारा किंवा आधारचा ओटीपी जाहिरातीतून उघडलेल्या अर्जात कधीही भरू नये.

काय करावे?

१. पट्टीवर ‘नाकारा’ किंवा ‘फक्त आवश्यक’ हा पर्याय असल्यास तोच निवडावा.

२. क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज या क्रमाने जाऊन तृतीय पक्ष कुकी बंद कराव्यात. सफारी त्या मुळातच अडवते. क्रोममध्ये हे काम आपणास स्वतः करावे लागते.

३. ॲप कुकीऐवजी जाहिरात आयडी वापरतात. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमधील गुगल व जाहिराती या भागात जाऊन तो हटवावा.

४. हवामानाच्या ॲपला ठिकाण कळणे ठीक, परंतु फोनमधील नावे व क्रमांक पाहण्याची परवानगी देऊ नये.

५. पीएम किसानच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल उघडू नये. ही कुकी नसून सरळ फसवणूक असते. पैसे गेल्यास विनाविलंब १९३० वर कळवावे.

६. औषधाची निवड जाहिरात पाहून करू नये. सातारा जिल्ह्यातील बोरगावचे कृषी विज्ञान केंद्र, सांगलीजवळील कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून मगच फवारणी करावी.

घरातील मोबाईल बहुधा मुलांच्या हातात असतो. वरील बदल त्यांना शेजारी बसवून एकदा करून घ्यावेत. दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.