पायदानावर न चढलेले गाणे

एखादे गाणे किती जणांनी ऐकले हे आज मोबाइलच्या पडद्यावर त्या गाण्याखालीच दिसते. आमच्या लहानपणी मात्र त्यासाठी बुधवारची वाट पाहावी लागे. रात्रीचे आठ वाजले की सातपाटीच्या बाजारातल्या अब्बांच्या दुकानासमोर माणसे जमत. अब्बा रेडिओ दुरुस्त करीत. दुरुस्तीला आलेल्या संचांपैकी जो सर्वांत खणखणीत बोले तो फळीच्या कडेला येई, काटा शॉर्टवेव्हवर सरके, आणि खरखरीतून अमीन सायानींचा आवाज उमटे. 'बिनाका गीतमाला' सुरू होई.

हा कार्यक्रम दीड हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या कोलंबोहून का ऐकावा लागे, याची एक गोष्ट आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. ते शास्त्रीय संगीताचे अभिमानी होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. लोकांचे कान मात्र हद्दपार करता येत नाहीत. ते रेडिओ सिलोनकडे वळले. युद्धकाळात सैन्यासाठी उभारलेले तिथले शक्तिशाली प्रक्षेपण-यंत्र आता गाणी पाठवीत होते. ३ डिसेंबर १९५२ रोजी गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. म्हणजे मुंबईत बोललेला शब्द समुद्र ओलांडून जाई आणि लहरींवर बसून परत आमच्या किनाऱ्याला लागे. आकाशवाणीने पुढे १९५७ मध्ये विविध भारती सुरू केली, पण बुधवार कोलंबोचाच राहिला.

आरंभी ही लोकप्रियतेची यादी नव्हती. ते एक कोडे होते. सात गाणी वाजत, ती श्रोत्यांनी कालक्रमाने लावायची आणि शंभर रुपयांचे बक्षीस जिंकायचे. पहिल्याच कार्यक्रमानंतर सुमारे नऊ हजार पत्रे आली. पत्रांचा पूर आवरेना, तेव्हा १९५४ च्या अखेरीस कोडे सोडून गाण्यांची क्रमवारी लावायला सुरुवात झाली. सायानी क्रमांकाला 'पायदान' म्हणत. गाणे एकेक पायरी चढे, उतरे, आणि शिखरावरच्या गाण्यासाठी बिगूल वाजे.

पण लोकप्रियता मोजायची कशी? रेकॉर्डींच्या विक्रीवर भरवसा ठेवावा, तर मागणी असलेली रेकॉर्ड दुकानात संपलेली असे. पत्रांवर ठेवावा, तर आपल्याच गाण्यासाठी गठ्ठ्याने पत्रे धाडणारेही होते. म्हणून गावोगावच्या श्रोता संघांचे मतही विचारात घेतले जाऊ लागले. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. सातपाटीत रेकॉर्ड विकत घेणारे असे किती होते? इथला पैसा जाळ्यात, बर्फात आणि डिझेलात जाई. विक्रीच्या आकड्यात आमचे गाव जवळजवळ नव्हतेच. आमची हाक पोचायची ती पोस्टकार्डाने.

१९८० च्या पावसाळ्यात मी बारा वर्षांचा होतो. 'कुर्बानी' नुकताच लागला होता आणि त्यातल्या नाझिया हसनच्या गाण्याने मला वेड लावले होते. लंडनमध्ये राहणारी पंधरा वर्षांची मुलगी, संगीतकार बिद्दू, आणि कानावर कधी न पडलेला तो ठेका! पुढच्याच वर्षी आलेला तिचा 'डिस्को दीवाने' हा तर सिनेमाशी संबंध नसलेला संग्रह होता. आपल्याकडच्या पॉप संगीताची वाट तिथून रुंदावली.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असत, त्यामुळे बुधवारी दुकानासमोर गर्दी जास्त. त्यात एक तांडेलकाका असत. लिहिता-वाचता येत नसे. एके दिवशी त्यांनी माझ्या हातावर चार आणे ठेवले आणि म्हणाले, "पोरा, रेडिओवाल्याला कार्ड लिही. आपलं 'मी डोलकर' लाव म्हणावं."

शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत, लता मंगेशकर आणि हेमंतकुमारांचा आवाज. आमच्याकडे हळदीचा मांडव त्या गाण्याशिवाय सजत नसे. पण गीतमाला हिंदी सिनेगीतांची होती, तिथे त्या गाण्याला पायरीच नव्हती, हे मला ठाऊक होते. ते काकांना समजावून सांगायला हवे होते. मी सांगितले नाही. पंधरा पैशांचे कार्ड घेतले, त्यावर 'कुर्बानी'तल्या माझ्या गाण्याची फर्माईश लिहिली, खाली काकांचे नाव घातले आणि पेटीत टाकले. उरलेले दहा पैसे खर्च केले.

त्यानंतर दर बुधवारी काका फळीला कान लावून बसत. नारळी पौर्णिमा झाली, होडी दर्यात गेली. परतल्यावर विचारत, "लागलं का रे आपलं गाणं?" मी मान हलवी. तेच माझी समजूत काढीत, "कार्ड बोटीनं जात असंल. सिलोन लांब आहे." त्या वर्षाच्या यादीत अव्वल ठरले ते 'सरगम'मधले आनंद बक्षींचे डफलीवाले गाणे. काकांनी त्यालाही मनापासून मान डोलावली. मी त्यांना खरे कधीच सांगितले नाही. पुढे ते गेले.

गीतमालेने मला एक मोठी गोष्ट दिली. सायानी गायकाबरोबर गीतकाराचेही नाव सांगत. गाण्यामागे कुणीतरी शब्द लिहिणारा असतो, हे मला तिथे कळले. मग कोळीगीताकडे वळून पाहिले, तेव्हा कोळीवाड्यात न जन्मलेल्या शांताबाईंनी तांडेलकाकांच्या तोंडी बसेल अशी भाषा कशी आपली केली असेल, याचे नवल वाटले. आमच्या घरात नमाज अरबीत, अब्बांचे वर्तमानपत्र उर्दूत, तरी मी मराठीत लिहू लागलो. त्याचे मूळ शोधू गेलो की त्या नवलापाशी येऊन थांबतो.

१९८८ पर्यंत गीतमाला कोलंबोहून ऐकू येत होती, नंतर १९८९ पासून काही वर्षे विविध भारतीवर. नाझिया २००० साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सायानी गेले, तेव्हा जुन्या याद्या पुन्हा चाळल्या. त्यांत माझे तारुण्य आहे, पण सातपाटीची हळद नाही. यादी खोटी नव्हती, तिची चौकट तेवढीच होती. चौकटीबाहेरचे गाणे मात्र अजून लग्नात वाजते.

दुसऱ्याच्या वतीने मी लिहिलेला पहिला मजकूर म्हणजे ते पोस्टकार्ड, आणि तो मी खोटा लिहिला. आजही कुणी अर्ज किंवा पत्र लिहून मागितले, की लिहून झाल्यावर ते मी मोठ्याने वाचून दाखवतो आणि विचारतो, "हेच म्हणायचं होतं ना?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)