हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, श्री

महाराष्ट्र राज्यातील अमरावती येथील एक जुनी व नामांकित व्यायाम व शारीरिक शिक्षणसंस्था. अंबादासपंत वैद्य व अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ मध्ये तिची स्थापना केली. लोकांत ती ‘हनुमान आखाडा’ या सुटसुटीत नावानेही ओळखली जाते. आखाड्यापासून महाविद्यालयापर्यंतच्या तिच्या वाटचालीत वऱ्हाडातील विद्यार्थिजीवनाचा व क्रीडाजीवनाचा प्रारंभकाळ प्रतिबिंबित झाला आहे.

पार्श्वभूमी : १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, परंतु उच्च शिक्षणाची सोय तेथे बराच काळ नव्हती. अमरावती-अकोल्याकडील विद्यार्थ्यांना नागपूरचे हिस्लॉप वा मॉरिस महाविद्यालय किंवा पुणे, मुंबई गाठावी लागे. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले व त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय (पुढील विदर्भ महाविद्यालय) निघाले. क्रिकेट, हॉकी, फुटबॉल व टेनिस हे खेळ इंग्रजी शिक्षणाबरोबर महाविद्यालयांत आले. देशी व्यायामाचे स्थान मात्र गावोगावच्या तालमींतच राहिले. तालमीत वस्तादाच्या नजरेखाली विद्या मिळे. तिला ठरावीक अभ्यासक्रम नसे आणि परीक्षाही नसे. हे दोन प्रवाह एकत्र आणणे, हे मंडळाचे मुख्य कार्य होय.

शिक्षणपद्धती : कुस्ती, जोर-बैठका, मल्लखांब, लेझीम, लाठी, फरी-गदगा, बोथाटी, जंबिया तसेच हुतूतू व खो-खो हे विषय मंडळाने सामुदायिक पद्धतीने शिकविण्यावर भर दिला. मल्लखांब मूळचा मल्लाच्या तयारीसाठी असलेला, एकट्याने करावयाचा व्यायाम. पुरलेला, टांगता व वेताचा (पुढे दोरीचा) असे त्याचे प्रकार आहेत. अनेकांनी एका वेळी मनोरे रचून तो दाखविण्याची प्रथा पडल्याने त्यास प्रेक्षणीयता आली. उन्हाळी सुट्टीत भरणारे प्रशिक्षणवर्ग हे मंडळाचे वैशिष्ट्य ठरले. शाळा-महाविद्यालये बंद असल्याने शिक्षक व विद्यार्थी दोघांनाही त्यांत भाग घेता येई. एकत्र निवास, पंक्तीतले भोजन व शिस्तबद्ध दिनक्रम यांमुळे निरनिराळ्या प्रांतांतील व जातींतील तरुण एकमेकांच्या सहवासात आले. क्रांतिकारक शिवराम हरी राजगुरू यांनीही येथे काही काळ व्यायामाचे शिक्षण घेतले होते.

बर्लिन, १९३६ : बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी, मल्लखांब इ. भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. कबड्डी हा त्या ऑलिंपिकमधील अधिकृत प्रदर्शनीय खेळ होता, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. त्या वर्षीचे अधिकृत प्रदर्शनीय खेळ बेसबॉल व ग्लायडिंग हे होते. मंडळाची प्रात्यक्षिके स्पर्धाकार्यक्रमाबाहेरची होती. तथापि त्यामुळे त्यांचे महत्त्व कमी होत नाही. ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघाने अंतिम सामन्यात जर्मनीवर ८–१ असा विजय मिळविला, तो पाश्चात्त्य नियमांनी बांधलेल्या हॉकीत. एका जिल्ह्याच्या गावातील व्यायामसंस्थेने त्याच नगरीत मातीतले खेळ परक्या प्रेक्षकांपुढे मांडले, ही गोष्ट वेगळ्या अर्थाने लक्षणीय आहे. कबड्डीला आशियाई क्रीडास्पर्धांत पदकाचे स्थान मिळण्यास १९९० चे बीजिंग उजाडावे लागले.

महाविद्यालयीन स्वरूप : १९६७ मध्ये मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. त्यामुळे मैदानावरील कसबाला शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाविज्ञान, मानसशास्त्र व अध्यापनपद्धती या विषयांची जोड मिळाली आणि व्यायामशिक्षकास पदवीधर शिक्षकाची प्रतिष्ठा लाभली. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या (पुढील संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) क्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे जिल्हे येतात. मंडळाच्या विस्तारात प्रभाकरराव वैद्य यांचा मोठा वाटा असून त्यांना २०१२ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

मूल्यमापन : पदवीमुळे देशी व्यायामास शिक्षणक्रमात स्थान मिळाले, हा मोठा लाभ होय. मात्र गुण व प्रमाणपत्र यांच्या मोजमापात वस्ताद-शागिर्द नात्यातील दीर्घ साधना मावणे कठीण असते. आखाड्याची निष्ठा व महाविद्यालयाची शास्त्रीय दृष्टी यांचा समतोल राखणे, हा प्रश्न अशा सर्वच संस्थांपुढे असून मंडळाचा इतिहास त्याचे एक बोलके उदाहरण आहे.