गडद चॉकलेट, ज्वारी आणि लोह

गडद चॉकलेट आरोग्यास हितकर असते, हे मत अलीकडे सर्वत्र रूढ झाले आहे. त्याच्या समर्थनार्थ दोन कारणे सांगण्यात येतात: एक रक्तवाहिन्यांविषयीचे, दुसरे लोहाविषयीचे. ही दोन्ही एका दमात सांगितली जात असली, तरी रासायनिक दृष्ट्या ती परस्परांस छेद देणारी आहेत. ज्वारी हे ज्याचे मुख्य अन्न, त्या परभणी जिल्ह्यात हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

पहिले कारण निराधार नाही. कोकोच्या बियांस तुरटपणा देणाऱ्या द्रव्यांत फ्लॅव्हॅनॉल हा प्रमुख गट होय. त्यांच्या योगे रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरात नायट्रिक ऑक्साइड अधिक उपलब्ध होते व वाहिन्या शिथिल होतात. २०१२ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉल पोटात गेल्यास, एवढ्यापुरता हा दावा ग्राह्य मानला. पुढे अमेरिकेत २१,४४२ प्रौढ व वृद्ध स्त्रीपुरुषांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज ५०० मिलिग्रॅम देऊनही हृद्रोगाच्या एकूण घटनांत निर्णायक घट दिसली नाही. हृद्रोगजन्य मृत्यू मात्र कमी आढळले. शिवाय तेथे दिला गेला तो कोकोचा अर्क, चॉकलेट नव्हे! अल्कप्रक्रियेने कोकोतील फ्लॅव्हॅनॉल बव्हंशी नष्ट होतात. सबब वेष्टनावरील कोकोच्या टक्केवारीवरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही.

लोहाची गोष्ट निराळी. १०० ग्रॅम गडद चॉकलेटात सुमारे १२ मिलिग्रॅम लोह असते. परंतु तेवढ्यासोबत सुमारे ६०० कॅलरीही येतात. त्यातही, जी तुरट द्रव्ये रक्तवाहिन्यांस उपकारक, तीच आतड्यात लोहाशी संयोग पावून त्याचे शोषण रोखतात. पावाच्या न्याहारीसोबत कोको दिला असता लोहाचे शोषण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. काळा चहा तर ह्याहूनही बाधक ठरला.

ह्याच कुळातील टॅनिने काही तांबड्या-तपकिरी ज्वारीत असतात. पाखरे असे कणीस सहसा टाळतात. मराठवाड्यातील मालदांडीसारख्या पांढऱ्या रब्बी ज्वारीत ती जवळजवळ नसतात. तिच्यातील लोहाची वाट अडते ती मुख्यतः फायटेटमुळे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व इक्रिसॅट यांच्या सहकार्यातून २०१८ मध्ये प्रसारित झालेल्या ‘परभणी शक्ती’ ह्या वाणाचे महत्त्व येथे कळून येते. त्याच्या एक किलो धान्यात सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असते. सामान्य वाणांत हे आकडे ३० व २० च्या आसपास, आणि फायटेटही ह्या वाणात कमी. दिवसाकाठी २०० ग्रॅम पिठाच्या भाकरीतून ९ मिलिग्रॅम लोह मिळते. सामान्य ज्वारीतून ६.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. अशा स्त्रीने लोहासाठी चॉकलेटचा आश्रय करणे व्यर्थ होय. आवडीखातर ते खावयाचे असल्यास चहाप्रमाणेच जेवणापासून तासा-दोन तासांच्या अंतराने खावे. भाकरीसोबत मात्र लिंबाची फोड असावी, कारण त्यातील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साह्य करते.