गिटारची केस उघडली, की गाणं भीक होतं?

मसुऱ्यातून बोलतोय. आजचा विषय बस्किंग. म्हणजे काय, तर रस्त्यावर उभं राहून वाजवायचं, गिटारची केस समोर उघडी ठेवायची, ज्याला आवडेल तो पैसे टाकेल.

आता समजा, परदेशातून आलेला एक रॉक बँड मुंबईत कार्टर रोडला वाजवायला लागला. लंडनच्या भुयारी रेल्वेत 2003 पासून यासाठी लायसन्स मिळतं. ऑडिशन द्यायची, ठरलेल्या जागेवर वाजवायचं. आपल्याकडे मात्र 1959 चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आडवा येतो. सार्वजनिक ठिकाणी दान मागणं किंवा घेणं म्हणजे भीक, मग ते गाण्याच्या, नाचाच्या नाहीतर भविष्य सांगण्याच्या निमित्ताने का असेना! सुरात गाताय की बेसूर, कायदा विचारतच नाही. पहिल्यांदा दोषी ठरलात तरी एक ते तीन वर्षं सरकारी गृहात ठेवता येतं. दिल्ली हायकोर्टाने 2018 मध्ये यातली शिक्षेची कलमं रद्द केली, पण फक्त दिल्लीपुरती.

आता आपले चाकरमानी बघा. लोकलमध्ये टाळ-ढोलकी घेऊन भजन रंगतं. पण तिथे पैसे नाहीत, म्हणून भिकेचा प्रश्नच नाही. डबलबारीत बुवांना बक्षीस मिळतं, माईकवर देणाऱ्याचं नाव पुकारतात, आणि त्याला आपण मान म्हणतो. तीच दहाची नोट डब्यात गाणाऱ्या आंधळ्या माणसाच्या हातात पडली की ती भीक. मला हे खटकतं. गोऱ्या बँडचे लोक व्हिडिओ काढतील, पोलीस फार तर ‘चला, पुढे व्हा’ म्हणतील. कायद्याचा खरा मार त्या डब्यातल्या माणसाला.

वाट आहे, पण अरुंद. अधिकृत परवानगी असेल तर तेच पैसे भिकेच्या व्याख्येबाहेर जातात. ‘नॅशनल स्ट्रीट्स फॉर परफॉर्मिंग आर्ट्स’ या उपक्रमाने रेल्वेची परवानगी घेऊनच मुंबईतल्या स्टेशनांवर कलाकार आणले होते.

परदेशी पोरांना आणखी दोन अडचणी. टुरिस्ट व्हिसावर कमाई चालत नाही. आणि ॲम्प्लिफायर आला की लाउडस्पीकरचे नियम लागतात : परवानगी हवी, रात्री दहा ते सकाळी सहा बंद. म्हणजे नुसती हौस असेल तर साधी गिटार घ्यावी, आणि केस बंद ठेवावी.